बॉनेटवर नाव नसलेला माणूस

मोटारींच्या गप्पांना आमच्या भंडारा जिल्ह्यात कधी तोटा नसतो. जिल्हा तसा धानाचा, तलावांचा आणि पितळी भांड्यांचा. पण मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता भंडारा, लाखनी, साकोली अशी आमची गावं ओलांडत पुढं जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. आकडा बदलला तरी रात्रंदिवस धावणारे ट्रक काही बदललेले नाहीत. त्यामुळं इकडच्या पोरांना बाराखडीआधी गाड्यांची ओळख होते. मीही त्यातलाच एक. माझ्याजवळ इंजिनिअरची पदवी नाही, गॅरेजही नाही. आहे तो केवळ शौक. आणि शौकीन माणसाजवळ मतं भरपूर असतात, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

माझं पहिलं मत असं की, गाडीवरून घराचा स्वभाव कळतो. ॲम्बेसेडर म्हणजे मोठ्या वाड्याची ओसरी. आले तेवढे वऱ्हाडी आत, वर टपावर होल्डॉल. फियाट म्हणजे दोन खोल्यांचा नेटका संसार. चौघं सुखानं बसावेत, पाचवा आला तर त्यानं अंग चोरून घ्यावं. स्टीअरिंगच्या दांड्यावरच गिअरचा दांडा असल्यामुळं पुढची बैठक सलग. तिथं नवरा, बायको आणि मध्ये धाकटं लेकरू अशी तिघांची सोय होई. ॲम्बेसेडरला दरारा होता, फियाटला जिव्हाळा होता. दुसरं मत असं की, जुन्या फियाटचं पुढून दिसणारं तोंड आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा अधिक माणसाळलेलं होतं. या दोन्ही मतांवर माझ्याशी भांडायला लोक नेहमी तयार असतात, आणि भांडणात मजाही असते.

पण हीच भांडणं चालू असताना एक प्रश्न मी मुद्दाम टाकतो. ही फियाट आपल्या देशात आणली कोणी? कुणी इटलीच्या कंपनीचं नाव घेतं. कुणी टाटा म्हणतं, कुणी बिर्ला म्हणतं. बिर्लांची ॲम्बेसेडर होती, एवढं अनेकांना ठाऊक असतं. फियाटच्या पाठीमागचं नाव मात्र सहसा ओठांवर येत नाही. ते नाव म्हणजे वालचंद हिराचंद. सोलापूरचा माणूस. त्यांच्या नावाचं गाव आहे, त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण त्यांच्या नावाची मोटार कधी निघाली नाही. गाडीच्या बॉनेटवर दुसऱ्यांचीच नावं राहिली. त्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

रेल्वेच्या रुळावरून सुरुवात

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजराती, दिगंबर जैन, आणि व्यापाराच्या निमित्तानं सोलापुरी झालेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचे व्यापारी आणि सावकार, शिवाय समाजसुधारणेच्या कामात रमणारे. मुलानं शिकावं आणि मग पेढीवर बसावं, ही रीतच होती. वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी घेतली नाही. पेढीवर बसले खरे, पण तिथं जीव रमेना. व्याजाचा हिशेब करण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, ही त्यांची खाज होती.

ती संधी रेल्वेनं दिली. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतले एक कारकून. नोकरी सोडून ते ठेकेदारीत पडू पाहत होते. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंद यांच्याजवळ घरचं भांडवल आणि हिंमत. दोघांची जोडी जमली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी बार्शी लाइट रेल्वेवरच्या येडशी ते तडवळे या भागाचं काम घेतलं. ही रेल्वे अडीच फुटी अरुंद रुळांची. आपल्या झाडीपट्टीतल्या जुन्या वाचकांना गोंदिया-नागभीडची छोटी गाडी आठवत असेल. तिचे रूळही तेवढ्याच रुंदीचे होते. म्हणजे वालचंद यांचा पहिला मोठा उद्योग कोणत्या आकाराचा होता, याची कल्पना भंडारा-गोंदियाच्या माणसाला चटकन यावी.

पुढं कामं वाढली. पूल, इमारती, पहिल्या महायुद्धाच्या काळातली लष्करी बांधकामं. नंतर बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं अवघड काम आलं. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. मुंबईहून पुण्याला रेल्वेनं जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात पोरं ओरडतात ना, त्या डोंगराशी वालचंद यांच्या कामगारांनी झुंज घेतली होती.

इथं माझ्यासारख्या गाडीवेड्याला एक योगायोग फार आवडतो. अमेरिकेत वॉल्टर क्रायस्लर नावाचा एक माणूस रेल्वेच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून हात काळे करून वर आला होता. मग मोटारीकडं वळला आणि १९२५ साली त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी काढली. इकडं सोलापूरचा हा गृहस्थ रेल्वेच्या ठेक्यातून वर आला. पुढं या दोन नावांची गाठ पडायची होती.

जहाज, साखर आणि विमान

मोटारीच्या आधी जहाज आलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकायला निघालं होतं. युद्धात त्याचा इस्पितळासारखा वापर झाला होता. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास, किलाचंद देवचंद अशा मंडळींना बरोबर घेतलं आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्याकडं ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

आपल्या किनाऱ्यावरचा माल वाहून नेण्याचा धंदा त्या वेळी इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांचे धुरीण लॉर्ड इंचकेप. नवी कंपनी आली की ते भाडी इतकी पाडत की समोरच्यानं गाशा गुंडाळावा. सिंदियालाही हाच धडा शिकवण्याचा प्रयत्न झाला. शेवटी १९२३ साली करार होऊन सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतं बांधून ठेवण्यात आलं. पण कंपनी बुडाली नाही. १९२९ साली वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

या लढाईतून ते एक गोष्ट शिकले. दुसऱ्याचं जहाज भाड्यानं घेता येतं, विकत घेता येतं, पण ज्याच्याजवळ जहाज बांधण्याची गोदी आहे तोच खरा मालक. म्हणून विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना निघाला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथं बांधलेलं 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

मधल्या काळात साखरेचे कारखाने झाले. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. रावळगावच्या गोळ्या आपण सर्वांनीच लहानपणी चघळल्या आहेत. कोकणात, देशावर, विदर्भात, कुठल्याही एस.टी. स्टॅंडवरच्या टपरीत त्यांची बरणी असायचीच. त्या गोळीच्या आणि फियाटच्या मागं एकच माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर दोन्ही गोष्टी अधिक गोड वाटू लागल्या.

मोटारीचा हट्ट

आता आपण मुख्य मुद्द्यावर येऊ. या देशात मोटारीचा कारखाना असावा, हा विचार एकट्या वालचंद यांचा नव्हता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० नंतर त्यासाठी धडपडत होते. वय सत्तरीच्या पुढं गेलेलं, तरी युरोप-अमेरिकेतले कारखाने त्यांनी पायी हिंडून पाहिले आणि १९३६ च्या सुमारास तपशीलवार योजना तयार केली. ती योजना प्रत्यक्षात आणील असा उद्योगपती त्यांना वालचंद यांच्यात दिसला.

तोपर्यंत हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. फोर्डचाही जुळवणीचा कारखाना मुंबईत होता. पण जुळवणी आणि निर्मिती यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खोक्यांतून सुटे भाग येतात, इथले हात पाना-स्क्रूनं ते जोडतात आणि गाडी बाहेर पडते, ही झाली जुळवणी. इंजिनचा ठोकळा इथं ओतायचा, गिअरचे दाते इथं कापायचे, कमानपाटे इथं वळवायचे, ही निर्मिती. आपल्या पितळेच्या भाषेत सांगायचं तर, बाहेरून आणलेल्या गुंडाला कडी बसवणं वेगळं आणि पत्रा ठोकून गुंड घडवणं वेगळं. भंडाऱ्यातला कोणताही जुना कारागीर हा फरक एका वाक्यात सांगेल. वालचंद यांना गुंड घडवायचा होता.

१९३९ साली ते त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डकडं बोलणी झाली. ती फिसकटली. हिंदुस्थान हा प्रदेश फोर्डच्या वाटणीत कॅनडाच्या कंपनीकडं होता आणि फोर्डला आपल्या कारभारात दुसऱ्याची मालकी नको होती. जनरल मोटर्सशीही जमलं नाही. शेवटी तयार झाली ती क्रायस्लर कंपनी. रेल्वेच्या मेकॅनिकनं काढलेली कंपनी आणि रेल्वेच्या ठेकेदाराचा हट्ट, अशी ही गाठ पडली. १९४० साली करार झाला. त्याच वर्षी वॉल्टर क्रायस्लरचं निधन झालं.

याच दौऱ्यातली एक गंमत अशी. विमानप्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी ओळख झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. निघाले होते मोटारीसाठी, डोक्यात विमान शिरलं. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. १९४१ मध्येच तिथून हार्लो जातीचं शिकाऊ विमान आकाशात गेलं. युद्धाची गरज म्हणून १९४२ साली सरकारनं हा कारखाना ताब्यात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानं बनतात, त्या संस्थेचं मूळ असं मोटारीच्या वाटेवर सापडतं.

विमान झालं, जहाज झालं, मोटार मात्र अडली. हे वाचताना मला नेहमी आश्चर्य वाटतं, कारण तिन्हींत सोपी गोष्ट मोटारच. अडवलं कोणी? दिल्लीच्या इंग्रज सरकारनं. मोटारीचा कारखाना हा युद्धकार्याचा भाग मानता येणार नाही, असं कारण पुढं करण्यात आलं. मग यंत्रांसाठी डॉलर कुठले आणि जहाजात जागा कुठली? १९३७ ते १९३९ या काळात मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि त्याची या योजनेला सहानुभूती होती. पण युद्ध सुरू होताच १९३९ साली त्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि तो आधारही गेला. गंमत बघा, युद्धात सैन्याला ट्रक लागतच होते. ते परदेशातून येत होते. इथं बनवायला परवानगी नव्हती.

याच वेळी जपानात काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. तिथं मागाच्या यंत्रांचा धंदा करणाऱ्या टोयोडा घराण्यातला किइचिरो नावाचा मुलगा मोटारीच्या नादी लागला होता. आपल्या पवनी-मोहाडीच्या मागवाल्या घरातल्या पोरानं उद्या मोटार करीन म्हणावं, तसंच ते होतं. पण १९३६ साली जपान सरकारनं कायदा करून फोर्ड आणि जनरल मोटर्सला वेसण घातली आणि देशी कारखान्यांना हात दिला. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी निघाली. इकडं त्याच १९३६ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांची योजना तयार होती, वालचंद यांच्यासारखा खंदा उद्योगपती तयार होता, आणि सरकार आपलं नव्हतं. माझ्या मते आपल्या मोटार उद्योगाच्या इतिहासातला सर्वांत महागडा उशीर तो हाच. इंजिन कुठलं आणि पैसा कुठला, हे प्रश्न नंतरचे. सही कोणाची, हा पहिला प्रश्न होता.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची नोंदणी झाली. दोन वर्षं आधी, १९४२ साली, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. वालचंद यांनी मुंबईत कुर्ल्याला कारखाना घातला. १९४७ च्या सुमारास तिथून डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि डॉज, फार्गो हे ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवात जुळवणीनंच झाली, पण हळूहळू एकेक भाग इथं बनवायचा, हा बेत पक्का होता.

उतरण

एवढं सगळं उभं करणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्याचं फळ पाहण्याचं सुख कमीच आलं. १९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. भाऊ गुलाबचंद, रतनचंद, लालचंद यांनी कारभार सांभाळला. मोटारीचा कारखाना लालचंद यांच्या देखरेखीखाली पुढं वाढला. १९५१ साली इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. आधी छोटी फियाट ५०० आली.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथं वालचंद यांचं निधन झालं. 'लॉयल्टी' जहाज ज्या दिवशी निघालं होतं, त्या दिवसाला चौतीस वर्षं आणि तीन दिवस झाले होते. तिकडं जपानात किइचिरो टोयोडानंही १९५० सालीच राजीनामा दिला होता आणि १९५२ च्या मार्चमध्ये त्याचं निधन झालं होतं. दोघांनाही आपल्या कारखान्याचे भरभराटीचे दिवस दिसले नाहीत. पण कारखान्यांच्या नशिबात मात्र पुढं केवढा फरक पडला!

१९५३ हे वर्ष दुसऱ्या कारणानंही महत्त्वाचं. त्या वर्षी टॅरिफ कमिशननं मोटार धंद्याची पाहणी करून सरकारला सांगितलं की, ज्यांच्याजवळ इथं भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच राहू द्यावं. नुसती जुळवणी करणारे फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९५३-५४ साली गाशा गुंडाळला. ज्या एका तत्त्वासाठी वालचंद पंधरा वर्षं झगडले, ते तत्त्व सरकारी धोरण झालं. झालं ते त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी.

१९५४ साली फियाट ११०० आली. इटलीत तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे अकराशे. आपल्या लोकांनी तिच्या आकारावरून तिला डुक्कर फियाट असं नाव ठेवलं. हे नाव ऐकून नाक मुरडू नये. आपल्याकडं आवडत्या लेकराला दगड्या, धोंड्या म्हणायची रीत आहे, त्यातलाच तो प्रकार. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. नऊवारी नेसलेल्या आजीला चढा-उतरायला ते किती सोईचं असेल याचा विचार करा. १०८९ सी.सी.चं इंजिन, चार गिअर, हलकं स्टीअरिंग. १९६४ साली डिलाइट आली, १९७२ साली गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली तिचं नाव प्रीमियर पद्मिनी पडलं. चितोडच्या राणीचं नाव. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती उभ्या देशाला ठाऊक झाली.

बंद दाराची सवय

आता जे लिहायचं आहे ते फियाटप्रेमी म्हणून लिहायला जड जातं. पण पूज्य माणसाचं चरित्र सांगताना पुढचं पान दुमडून ठेवणं बरोबर नाही.

परवाना पद्धतीच्या काळात या देशात मोटारी बनवणाऱ्या कंपन्या मोजून तीन. हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टॅंडर्ड. बाहेरच्यांना दार बंद, आतल्यांना किती गाड्या बनवायच्या यावर बंधन. गिऱ्हाइकानं पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. लेकीच्या लग्नासाठी नोंदवलेली गाडी नातवाच्या बारशाला आली, असे विनोद त्या काळी सर्रास चालत. जी वस्तू केली की खपतेच, ती सुधारण्याची घाई कोणाला असणार? १९५० च्या दशकातल्या आराखड्याची गाडी किरकोळ बदल करून जवळजवळ १९९९-२००० पर्यंत विकली गेली. मध्ये १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांना कळलं की गाडी सकाळी पहिल्या किल्लीला चालू होऊ शकते. प्रीमियरनंही हातपाय हलवले. १९८५ साली ११८ एनई काढली, १९९० नंतर प्यूजो आणि फियाट यांच्याशी नवे करार केले. पण उशीर झाला होता. कुर्ल्याचा तो कारखाना आता राहिला नाही, त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सीही अधिकृतपणे उरलेली नाही. वीस वर्षांची वयोमर्यादा तिनं पूर्ण केली होती.

आयुष्यभर बंद दारांवर धडका देणारा माणूस होता हा. इंचकेपचं दार, दिल्लीचं दार, फोर्डचं दार. त्यांच्याच कारखान्याला पुढं बंद दाराच्या आडोशाला राहायची सवय लागावी, याला काय म्हणावं? काही जण याचा दोष पूर्णपणे सरकारला देतात, काही जण मालकांना. माझं मत विचाराल तर, पोराला उन्हात जाऊ दिलं नाही तर ते अशक्त होणार, यात आईचा दोष किती आणि पोराचा किती हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. टोयोटाच्या पोरालाही आधी सावलीत वाढवलं होतं. पण वेळेवर त्याला उन्हात सोडलं, परदेशी बाजारात धाडलं. आपल्याकडं सावली तेवढी दिली, ऊन दिलं नाही.

वालचंद जगले असते तर काय झालं असतं, या खेळात मी पडत नाही. मात्र त्यांच्या स्वभावाकडं पाहून एवढं म्हणता येतं की, एकाच गाडीला तीस-पस्तीस वर्षं रंगरंगोटी करत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. रेल्वेतून बांधकामात, बांधकामातून जहाजात, जहाजातून साखरेत, मोटारीच्या वाटेवर विमानात. चालू धंदा तुपात घोळत असताना नव्या धंद्याच्या चिखलात उतरायचं, ही त्यांची चाल. शेवटच्या आजारानं ती थांबवली.

गडेगावचा गिअरबॉक्स

आता वाचक विचारतील, हे सारं सोलापूर, मुंबई, विशाखापट्टणम झालं. यात आपला भंडारा कुठं आहे?

भंडारा आहे, आणि तोही हमरस्त्याला लागूनच. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. या कंपनीची कथाही वालचंद यांच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी. पंजाबचे रघुनंदन सरन यांनी १९४८ साली मद्रासला अशोक मोटर्स काढली. अशोक हे त्यांच्या मुलाचं नाव. सुरुवात झाली ऑस्टिन मोटारी जुळवण्यापासून. मग इंग्लंडच्या लेलँड कंपनीशी हातमिळवणी होऊन ती ट्रक आणि बसकडं वळली आणि १९५५ साली अशोक लेलँड झाली. म्हणजे पुन्हा तोच प्रवास, जुळवणीकडून निर्मितीकडं.

गडेगावला गिअरबॉक्स बनतात. गिअरबॉक्स ही वस्तू अशी की तिच्याकडं पाहून कोणी फोटो काढत नाही. लग्नाच्या गाडीचं बॉनेट फुलांनी सजवतात, गिअरबॉक्सला कोणी हार घालत नाही. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवतात, स्टीअरिंगला हळद-कुंकू लावतात, पण खाली तेलात बुडून फिरणाऱ्या त्या दात्यांची आठवण कुणाला येत नाही. आणि तरी घाटात पूर्ण भरलेला ट्रक वर चढतो तो त्या दात्यांच्या जोरावर. दाता केसभर चुकीचा कापला गेला तर अख्खी गाडी रस्त्यावर उभी राहते.

आपल्याकडच्या तरुणांना मी गाडीबद्दल बोलताना ऐकतो. मायलेज किती, हप्ता किती, सनरूफ आहे का, पडदा केवढा. हे प्रश्न गैर नाहीत. गाडी घेणं ही आनंदाची गोष्ट आहे, आणि घरातल्या बायकांचं मत सर्वांत आधी विचारावं असं माझं तिसरं ठाम मत आहे. पण गाडी घेणं हा अर्धाच शौक झाला. गाडी कशी बनते, कोण बनवतं, तिच्यातला कोणता भाग आपल्या जिल्ह्यात बनतो, हे विचारलं की शौक पूर्ण होतो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलेलं लाखनी-साकोलीचं पोर आणि बॅंकेच्या कर्जावर चकचकीत गाडी घेणारं पोर, या दोघांत गाडीशी अधिक जवळचं नातं कोणाचं? वालचंद यांच्या आयुष्याकडं पाहिलं तर याचं उत्तर लेथकडं जातं.

सांगलीला धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली काढलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ साली वालचंद यांचं नाव देण्यात आलं. मला त्यांचं हे स्मारक इतर कोणत्याही स्मारकापेक्षा योग्य वाटतं. विकत घेतलेली वस्तू जुनी होते, भंगारात जाते. डुक्कर फियाट गेली, पद्मिनी गेली, कुर्ल्याचा भोंगाही गेला. घडवायची विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. ती कुर्ल्याला थांबली नाही. पुण्याला गेली, नाशिकला गेली, आपल्या गडेगावलाही आली.

तेव्हा पुढच्या वेळी महामार्गावरून एखादा ट्रक गिअर बदलत चढ चढताना ऐकू आला, तर क्षणभर कान द्या. त्या आवाजात कुणाचं नाव ऐकू येत नाही. ज्या माणसांनी या देशात गाडी घडवायचा हट्ट धरला, त्यांना नावाची तेवढी हौसही नव्हती. त्यांना गाडी इथं बनायला हवी होती. ती बनते आहे.